बरं व्हायचंय, पण म्हणजे नक्की काय? पॅरालिसिसनंतर उपचाराचं ध्येय कसं ठरवायचं

मी फिजिओथेरपिस्ट, मिरज-सांगली भागात घरी जाऊन पेशंट बघते. त्यातले बरेचसे "अंगावरून वारं गेलंय" वाले, म्हणजे पॅरालिसिसचे. पहिल्या दिवशी घरातल्यांना विचारते की या उपचारातून तुम्हाला काय मिळायला हवंय, तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, पहिल्यासारखं करून द्या, बास." यात चूक काही नाही, कुणालाही तसंच वाटणार, पण "पहिल्यासारखं" हे ना मोजता येतं ना त्याला काही तारीख असते, त्यामुळे होतं काय की तीन-चार महिने व्यायाम, मसाज, गोळ्या, पाहुण्यांनी सुचवलेलं तेल, शेजाऱ्यांनी सुचवलेला काढा असं सगळं एकदमच चालू राहतं, पैसे जातात आणि शेवटी फरक पडला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

मागच्या वर्षी एक आजोबा होते, सत्तरीचे, साखर कारखान्यातून रिटायर, डावी बाजू गेलेली. मुलगा म्हणाला गणपतीपर्यंत चालायला लागले पाहिजेत. आजी म्हणाल्या सरळ बसून जेवले तरी पुष्कळ झालं. मग मी सगळ्यांना काहीतरी निमित्त काढून आत पाठवलं आणि आजोबांना विचारलं. बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "रात्री लघवीला सूनबाईला उठवायला लागतंय. त्यापेक्षा मी संध्याकाळपास्नं पाणीच पीत नाही." घरात हे कुणालाच माहीत नव्हतं! पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण चालू होतं, सकाळी गरगरतं म्हणून आणखी एक गोळी, आणि मूळ कारण हे.

तर पुढे जे सांगतेय ते याच आजोबांना धरून सांगते. रीत मात्र गुडघ्याच्या ऑपरेशनला, हार्टला, कॅन्सरला, कशालाही लावता येते.

(एक गोष्ट आधीच. अचानक तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं तर ध्येय-बिय काही नाही, लगेच १०८ किंवा मिळेल ती गाडी आणि जिथं सीटी स्कॅन होतो असं हॉस्पिटल. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सगळ्यांना चालत नाही. घड्याळ बघून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, शेवटचं चांगलं कधी बघितलं होतं.)

पायरी १: आधी पेशंटला विचारा, आणि एकट्याला विचारा

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम. घरातले समोर असले की म्हातारी माणसं "सगळं बरंय, पोरं लई करत्यात" एवढंच म्हणतात. चष्मा, कवळी, कानातलं मशीन लावून द्या, टीव्ही बंद करा आणि शेजारी खुर्ची घेऊन बसा, उभ्याउभ्या नको.

"तुमचं ध्येय काय" असं विचारलं तर कुणीही गडबडेल. मी साधारण असं विचारते: आजारी पडल्यापासून कुठली एक गोष्ट करता येत नाही म्हणून जास्त वाईट वाटतं? दिवसातली कुठली वेळ नकोशी वाटते? सगळ्यात भीती कशाची वाटते? आणि हे परत जमावं म्हणून किती त्रास सोसायची तयारी आहे? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. दुसऱ्या एका आजींना गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं कारण मुलीला वाटत होतं, आणि आजींचं म्हणणं होतं की मला देवळाच्या चार पायऱ्या चढता आल्या की झालं, त्या कठड्याला धरून चढते मी. त्यांनी ऑपरेशन वर्षभर पुढं ढकललं, काही बिघडलं नाही.

उजवी बाजू गेली असेल तर बऱ्याचदा बोलणंही जातं, कारण बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं. पण बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नाही हो! अशा वेळी मोबाईलवर घरातलेच फोटो दाखवा, संडास, अंगण, जेवणाचं ताट, नातवाचा फोटो, आणि हो-नाही मान हलवून उत्तर येईल असे प्रश्न विचारा. वेळ लागतो, तेवढा द्या.

पायरी २: आज कुठं आहोत ते मोजा

"जरा बरंय" हे माप नाही. एक दोनशे पानी वही घ्या, पहिल्या पानावर तारीख टाका आणि जे दिसतं ते आकड्यात लिहा. आजोबांचं पहिलं पान असं होतं: कॉटवर बसायला एका माणसाची मदत, उभं राहायला दोन माणसं, आधाराने ४ पावलं, कॉटपासून संडासापर्यंत ११ पावलं (सुनेची पावलं, आजोबांची १८ तरी होतील), वाटेत एक उंबरा, संडास इंडियन, रात्री सरासरी ३ वेळा उठणं. हे शेवटचं आम्ही तीन रात्री मोजून काढलं.

याला शास्त्रीय माप पण आहे, बार्थेल इंडेक्स नावाचं, १९६५ पासून वापरात आहे. खाणं, अंघोळ, कपडे, लघवी-संडासवरचा ताबा, कॉटवरून खुर्चीत येणं, चालणं, जिना अशा दहा गोष्टींना मार्क देतात आणि एकूण १०० होतात. तुमच्या फिजिओला सांगा की पहिल्या दिवशी भरा आणि महिन्याने परत भरा. नाही म्हणाले तर... असो, विचारून तर बघा.

आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा, अर्ध्या मिनिटाचा, दर आठवड्याला, त्याच जागेवरून. पेशंटला विचारून काढा आणि फॅमिली ग्रुपवर टाकू नका, माणसाला लाज असते.

पायरी ३: डॉक्टरांकडून तीन चित्रं मागून घ्या

"डॉक्टर, बरे होतील ना?" असं विचारलं की डॉक्टर "हो, होतील" म्हणतात, दुसरं काय म्हणणार. त्याऐवजी असं विचारा: सगळं चांगलं जुळून आलं तर तीन महिन्यांनी हे काय करू शकतील? काहीच जुळलं नाही तर काय? आणि तुमच्या अनुभवाने यातलं काय होण्याची शक्यता जास्त? या तिसऱ्या उत्तरावर ध्येय बांधायचं, पहिल्यावर नाही.

पॅरालिसिसमध्ये सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, मग मंदावतो, सहा महिन्यांनंतरही थोडी थोडी सुधारणा होत राहते पण तिच्यामागे मेहनत जास्त लागते. हाताचं बोलायचं तर आमच्याकडे एक ठोकताळा आहे, त्यावर नेदरलँड्समध्ये मोठं काम झालंय, की पहिल्या दोन-तीन दिवसांत बोटं थोडी तरी उघडता येत असतील आणि हात खांद्यातून बाजूला थोडा तरी उचलता येत असेल तर पुढे हाताने काम करता येण्याची आशा खूप जास्त. दोन्ही नसेल तर हात पूर्ण परत येण्याची शक्यता बरीच कमी होते. मी हे घरच्यांना सरळ सांगते, काहींना राग येतो. पण तेवढ्यासाठी सहा महिने हातावरच जोर लावून बसायचं आणि पायाकडे, तोलाकडे दुर्लक्ष करायचं, यात पेशंटचंच नुकसान आहे.

प्रत्येक नव्या गोळी-ऑपरेशन-टेस्टला चार प्रश्न: याने काय फायदा होईल, काय त्रास होऊ शकतो, दुसरा मार्ग कुठला, आणि काहीच नाही केलं तर काय होईल. ओपीडीत गर्दी असते हे खरंय, म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या, बाहेर बसलेल्या सिस्टरना सांगा की पाच मिनिटं बोलायचंय आम्ही शेवटी थांबतो. फाइलची कॉपी मागायला लाजू नका, मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला हवं असा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासूनच आहे.

पायरी ४: ध्येय लिहा, अगदी वाक्य म्हणून लिहा

इथं थोडं थांबूया कारण गाडी बहुतेकांची इथंच अडते. "चालणं सुधारणे", "ताकद येणे", "स्वावलंबी होणे" ही डिस्चार्ज कार्डवरची वाक्यं, यातून काही कळत नाही. वाक्यात एवढं तरी हवं: कोण, काय करणार, कुठं, कुणाच्या किंवा कशाच्या मदतीने, आणि कधीपर्यंत.

आजोबांचं वाक्य आम्ही असं लिहिलं: "चार आठवड्यांत आजोबा रात्री कॉटवरून स्वतः उठून, चार पायांची काठी घेऊन, संडासात जाऊन परत येतील, मुलगा किंवा सून फक्त दारात उभे राहतील, हात लावणार नाहीत."

वाक्य एवढं नेमकं झालं की व्यायाम आपोआप ठरतात.

मग त्याच्याखाली पाच ओळींची एक शिडी काढायची. ही पद्धत १९६८ मध्ये अमेरिकेत मानसिक आरोग्याच्या पेशंटसाठी किरेसुक आणि शर्मन या दोघांनी काढली होती, आता रिहॅबमध्ये, म्हणजे आजारानंतर परत उभं करायच्या उपचारांत, सर्रास वापरतात. मधली ओळ म्हणजे शून्य, तिथं आपण ठरवलेलं ध्येय. खाली उणे एक आणि उणे दोन, वर अधिक एक आणि अधिक दोन. आमची शिडी अशी:

उणे २: आज आहे तसंच, दोन माणसं लागतात.
उणे १: एक माणूस हात धरून नेतो.
० : वर लिहिलेलं वाक्य.
अधिक १: दारातही कुणी उभं राहायला नको, पण दिवा कुणीतरी लावून ठेवायचा.
अधिक २: सगळं स्वतः, घरातल्यांना सकाळी कळतं.

याचा फायदा असा की महिन्याने "झालं का नाही झालं" असं काळं-पांढरं राहत नाही. उणे दोनवरून उणे एकवर आले तरी कागदावर दिसतं, पेशंटलाही दिसतं. आणि सगळंच अधिक दोनला पोचत असेल तर समजायचं की आपण ध्येय फारच सोपं ठेवलं होतं :)

एका वेळी दोनच ध्येयं, फार तर तीन. एका घरात मी नऊ ध्येयांची यादी बघितलीय, टाईप करून प्रिंट काढलेली, मुलगा आयटीत होता. त्यातलं एकही झालं नाही.

पायरी ५: तुकडे करा, आणि सगळं व्यायामानेच सुटेल असं धरू नका

रात्री संडासाला जाणं म्हणजे किती कामं मोजा: कुशीवर वळणं, पाय खाली सोडून बसणं, उभं राहणं, दिवा, १८ पावलं, उंबरा, दार, नाडी सोडणं, बसणं, धुणं, उठणं, नाडी बांधणं, परत तेच. आम्ही प्रत्येकापुढे लिहिलं की कुठं अडतंय. तर खरं अडत होतं उभं राहण्यात, उंबऱ्यात, नाडीत आणि खाली बसण्यात. पावलं टाकणं पाचव्या नंबरला होतं आणि घरातले सगळे फक्त चालण्याच्याच मागे लागले होते.

नाडी एका दिवसात सुटली, इलास्टिकचे पायजमे आणले. इंडियन संडासावर कमोडची खुर्ची ठेवली, भिंतीला उजव्या हाताला येईल असा स्टीलचा रॉड बसवून घेतला. कॉट फार खाली होती, पायाखाली लाकडी ठोकळे देऊन उंच केली, इतकी की बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. वाटेतलं पायपुसणं उचललं, रात्रीचा छोटा दिवा लावला. आणि एक गंमत, डावी बाजू गेलेल्या काही पेशंटना डावीकडचं जगच "नाही" असं होतं, दिसत असतं पण लक्ष जात नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. आजोबा सारखे दाराच्या डाव्या चौकटीला धडकायचे. तिथं लाल टेप लावली आणि रोज जाताना तिकडं बघून हात लावायचा असं ठरवलं.

मग उरले व्यायाम. खुर्चीतून उठ-बस, दिवसातून तीन वेळा, आधी ५ मग ८ मग १०. उंबरा ओलांडायची प्रॅक्टिस दिवसा. काठी चांगल्या हातात धरायची, कमजोर बाजूला नाही, हे दर दुसऱ्या घरात सांगावं लागतं. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. आणि उठवताना लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो आणि मग ते दुखणं महिनोन्महिने जात नाही, कमरेला पट्टा बांधून तिथं धरा.

पायरी ६: रिपोर्टचे आकडे कशासाठी ते विचारा

बीपी, शुगर ही पण ध्येयंच आहेत, पण ती पेशंटच्या ध्येयाशी जोडलेली हवीत. बीपी कशासाठी? पॅरालिसिसचा दुसरा अटॅक येऊ नये म्हणून, त्यासाठी बऱ्याच जणांना १३०/८० च्या खाली सांगतात, पण तुमच्या माणसाचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

शुगरच्या बाबतीत लोकांना वाटतं जेवढी कमी तेवढी चांगली. अमेरिका-कॅनडात अकॉर्ड नावाचा मोठा अभ्यास झाला, १०,२५१ डायबेटिसवाले लोक, एका गटाचं एचबीएवनसी (म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केला आणि त्याच गटात मृत्यू जास्त झाले म्हणून २००८ मध्ये तो कडक उपचार मध्येच थांबवावा लागला. त्यामुळे वय झालेल्या, दोन-तीन आजार असलेल्या माणसाला ७ ऐवजी ८ च्या आसपासचं टार्गेट डॉक्टर मुद्दाम देतात, ते दुर्लक्ष नसतं. अशा माणसाची शुगर रात्री ७० च्या खाली गेली, तो उठला आणि पडला, तर मांडीचं हाड मोडून सगळं परत पहिल्यापासून.

दोन ध्येयं एकमेकांच्या आड पण येतात. आजोबांची बीपीसाठीची लघवीची गोळी संध्याकाळी चालू होती! म्हणजे एकीकडे रात्री कमी उठावं म्हणून धडपड आणि दुसरीकडे गोळी उठवतेय. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी ती सकाळी घ्यायला सांगितली, रात्रीच्या फेऱ्या तीनवरून एक-दोनवर आल्या. हे स्वतःच्या मनाने करू नका, पण विचारा नक्की.

पायरी ७: घरात बोलणं

शिडीचा कागद फ्रीजवर लावा. व्यायाम कोण घेणार, औषधाचा डबा कोण भरणार, खर्च कोण बघणार ही नावं त्यावरच लिहा, नाहीतर सगळं सुनेवर येतं आणि पुण्याचा-दुबईचा मुलगा व्हिडिओ कॉलवर "अजून चालत का नाहीत" विचारतो. फिजिओला पण किती दिवस, आठवड्यात किती वेळा आणि फी किती हे आधीच विचारून घ्या, आम्हालाही बरं पडतं. तेलवाले-काढेवाले आले तर त्यांनाही कागद दाखवा आणि विचारा, यातल्या कुठल्या ओळीवर कधीपर्यंत नेणार ते लिहून द्या. कुणी देत नाही.

पायरी ८: तारीख आली की बसा

ठरलेल्या दिवशी शिडी काढायची आणि पुढे तीनच रस्ते: ध्येय झालं असेल तर नवं, थोडं राहिलं असेल तर अजून दोन आठवडे, आणि जागचं हललंच नसेल तर का नाही ते शोधायचं. मी आधी खांदा दुखतोय का बघते, मग झोप, मग पोट साफ होतंय का, मग मन. पॅरालिसिसनंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं आणि घरातले त्याला आळस समजतात, "बाबा प्रयत्नच करत नाहीत" म्हणतात. त्याला उपचार आहेत, डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

एक अवघड भाग. माणूस आयसीयूत असेल, व्हेंटिलेटरवर असेल, तेव्हाही ध्येय ठरवता येतं. डॉक्टरांना म्हणा, तीन दिवस किंवा पाच दिवस पूर्ण उपचार करू, तोपर्यंत काय सुधारलेलं दिसलं पाहिजे ते आत्ता सांगा, आणि नाही दिसलं तर परत बसून बोलू. कधी कधी "वेदना नकोत, श्वास कोंडू नये, घरी असावं" हेच ध्येय असतं आणि तेही पूर्ण ध्येय आहे, त्यासाठी पॅलिएटिव्हवाल्या, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, डॉक्टरांना वेळेत बोलवा. शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत ही स्वतःची इच्छा शुद्धीत असताना लिहून ठेवायची सोय सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतात. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं, राज्यातलं ते पहिलं.

आमच्या आजोबांचं सांगायचं राहिलं. चार आठवड्यांनी बसलो तेव्हा उणे एक. पाय उंबऱ्यालाच अडकत होता, मग सुताराकडून दोन्ही बाजूंना उताराची फळी करून घेतली, अजून दोन आठवडे घेतले आणि शून्यावर आलो. पाणी प्यायला लागले, चूर्ण बंद झालं. मुलाचं गणपतीचं स्वप्न अर्धंच झालं, आरतीला उभे राहिले पण खुर्चीला धरून. नवं ध्येय आजोबांनी स्वतः सांगितलं, कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन पेपर आणायचा, दिवाळीपर्यंत, नातू बरोबर. पावलं मोजली, १४०. शिडीतली अधिक दोनची ओळ त्यांनी उजव्या हाताने स्वतः लिहिली, "तिथंच चहा पिऊन येणे." मी त्यापुढे "बिनसाखरेचा" लिहिलं, ते त्यांनी खोडलं. त्यावर अजून आमची चर्चा चालू आहे.